बाहुल्यांच्या दुनियेतले एलजीबीटीक्यू : मागची गोष्ट

इंद्रधनुषी, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे एलजीबीटीक्यू लोकांच्या झेंड्याच्या रंगांतली खेळणी दुकानांत दिसू लागली ती अलीकडे, म्हणून हे सगळं गेल्या काही वर्षांतलं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. पण उघडपणे समलिंगी म्हणून विकला गेलेला 'गे बॉब' हा बाहुला अमेरिकेत आला त्याला आता पन्नासेक वर्षं होत आली. १९७७ मध्ये जाहिरात व्यवसायातल्या हार्वी रोझेनबर्ग यांनी तो काढला. अंगात घट्ट जीन्स, एका कानात बाळी, आणि खोका चक्क कपाटाच्या आकाराचा. ओळख लपवून जगणाऱ्यांनी आता कपाटातून बाहेर यावं, हा त्यातला इशारा. विक्री टपालाने, आणि गिऱ्हाईक मोठी माणसं. लहान मुलांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पुढची बरीच वर्षं हे असंच चाललं. १९९७ मध्ये आलेला 'बिली' हा समलिंगी बाहुला आणि मागोमाग आलेला त्याचा जोडीदार 'कार्लोस' हेही प्रौढांच्याच कपाटात गेले.

मुलांच्या खेळण्यांत हा विषय शिरला तो मात्र अपघाताने. बार्बी या बाहुलीचा जोडीदार केन, त्याचं १९९३ मधलं 'इअरिंग मॅजिक केन' हे रूप आठवून पाहा. केन जुनाट वाटतो, त्याला जरा फॅशनेबल करा, असा सूर मुलींकडून आल्यावर बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने त्याला जांभळट जाळीदार बनियन, वर बिनबाह्यांचं जाकीट, डाव्या कानात बाळी आणि गळ्यातल्या साखळीत मोठं कडं घातलं. क्लबांमधले समलिंगी तरुण तेव्हा असेच दिसायचे. ते कडं म्हणजे नेमकी कोणती लैंगिक वस्तू, हे स्तंभलेखक डॅन सॅव्हेज यांनी जाहीर लिहून टाकलं. समलिंगी पुरुषांच्या उड्या पडल्या. असा काही हेतू नव्हता, असं सांगत कंपनीने हात झटकले आणि तो केन बंद केला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत बोलका प्रसंग : कंपनीला नको असलेली ओळख गिऱ्हाइकाने बाहुल्याला परस्पर देऊन टाकली.

त्याच वर्षी 'बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन' नावाच्या गटाने बोलक्या बार्बी आणि सैनिक बाहुला जी. आय. जो यांच्या आवाजाच्या पेट्या अदलाबदल करून ते बाहुले गुपचूप दुकानांत परत ठेवल्या. लग्नाची स्वप्नं रंगवणारा सैनिक आणि सूडाची भाषा करणारी बार्बी! हा खोडसाळपणा लैंगिकतेबद्दल नव्हता, मुलगा-मुलगी या साच्यांबद्दल होता. पण पुढचा रस्ता याच अंगाने गेला.

२०१५ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीने खेळण्यांच्या विभागातल्या मुलगा-मुलगी अशा पाट्या काढल्या. २०१७ मध्ये टोनर कंपनीने ट्रान्सजेंडर कार्यकर्ती जॅझ जेनिंग्सची बाहुली आणली. २०१९ मध्ये मॅटेलच्या 'क्रिएटेबल वर्ल्ड'मध्ये केस आणि कपडे बदलून हवी तशी व्यक्ती घडवता येऊ लागली. केनच्या वेळी कानावर हात ठेवणारी कंपनी ती हीच.

तरी जाहीर ओळख बहुतेक वेळा संग्राहकांच्याच वाट्याला आली. लेगोचा २०२१ मधला 'एव्हरीवन इज ऑसम' हा ३४६ तुकड्यांचा इंद्रधनुषी संच प्रौढांसाठी होता. २०२२ मधली अभिनेत्री लॅव्हर्न कॉक्सची पहिली ट्रान्सजेंडर बार्बीही संग्राहकांसाठीच्या सन्मानमालिकेतली. त्याच वर्षी 'मॉन्स्टर हाय' या मॅटेलच्याच बाहुलीमालिकेच्या नव्या रूपात फ्रँकी स्टाइन हे पात्र नॉन-बायनरी, म्हणजे मुलगा किंवा मुलगी या दोन्ही साच्यांत न बसणारं, म्हणून आलं, आणि ते मात्र मुलांच्याच फळीवर, इतर राक्षसपोरांच्या शेजारी.