सल्लागार समितीचं इतिवृत्त हवंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

नगर पथविक्रेता समितीने आपल्या रस्त्याबद्दल काय ठरवलं, वृक्ष प्राधिकरणाने कोणती झाडं तोडायला मंजुरी दिली, प्रभाग समितीत गटाराचा विषय निघाला तरी का, हे जाणून घ्यायला लोक माहिती अधिकारात अर्ज करतात. महिन्याभराने "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर हातात पडतं. बहुतेक वेळा कागद त्याच कार्यालयात असतो, फक्त अर्जात तो नावाने मागितलेला नसतो.

अशा समितीच्या बैठकीत कुणीही जाऊन बसावं असा सरसकट हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. ग्रामसभेचं वेगळं आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्यच असतो. पण माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(ख) मधली आठवी बाब फार उपयोगाची आहे. कार्यालयाला सल्ला देणाऱ्या समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत का आणि इतिवृत्त, म्हणजे बैठकीतल्या कामकाजाची लेखी नोंद, लोकांना पाहता येतं का, हे कार्यालयाने कुणी न मागता प्रसिद्ध करायचं असतं. अनेक ठिकाणी हा तक्ता वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. तरीही आधी तोच मागा, कारण समितीचं अधिकृत नाव त्यातूनच कळतं.

अर्ज कुणीही भारतीय नागरिक करू शकतो. त्या वॉर्डात राहायची अट नाही आणि कारण सांगायचीही गरज नाही. मात्र मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज देऊ नका. हक्क नागरिकाला आहे, संस्थेला नाही, एवढ्यावरच अर्ज परत येतो. अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने आणि घरच्या पत्त्यावरून करावा.

कागदपत्रं म्हणाल तर जोडपत्र 'अ', म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, आणि 10 रुपये शुल्क. आधार कार्डाची प्रत कायदा मागत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली की शुल्क माफ. खरी अडचण 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पची असते, कारण तो हवा तेव्हा मिळत नाही. मग लोक हेलपाटे घालत बसतात. शुल्क रोखही भरता येतं. पावती घ्या आणि तिचा क्रमांक अर्जावर लिहा.

महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. तीन समित्यांसाठी तीन अर्ज करा. एकत्र कराल तर तेवढंच कारण पुढे करून अर्ज निकाली काढला जातो.

सगळ्यात जास्त अर्ज "का" या शब्दावर पडतात. "आमच्या गल्लीतले हातगाडीवाले का हटवले?" हा प्रश्न आहे, आणि माहिती अधिकारी फक्त नोंदीत असलेलं देतो. त्याऐवजी असं लिहा: "नगर पथविक्रेता समितीच्या 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या काळातील सर्व बैठकांची सूचना, विषयपत्रिका, उपस्थितीपत्रक आणि इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. इतिवृत्त कायम झाले नसल्यास मसुद्याची प्रत मिळावी. उपस्थितीपत्रकावरील फोन क्रमांक झाकून प्रत दिली तरी चालेल." शेवटची दोन वाक्यं मुद्दाम आहेत. इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होतं, म्हणजे समिती ते मंजूर करते, आणि पुढची बैठक कधी होईल याचा भरवसा नाही. "अजून कायम झालेलं नाही" म्हणून महिनोन्‌महिने परत पाठवणं हा नागरिकाचा छळ आहे. मसुदाही कार्यालयाच्या ताब्यातली नोंदच असते. फोन क्रमांकाचं वाक्य खासगी माहितीची सबब आधीच काढून घेतं.

प्रती नको असतील, नुसतं पाहायचं असेल, तर राज्य शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाची प्रत जवळ ठेवा. टेबलावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही.

आता मुदत, जिथे चांगले अर्ज वाया जातात. अर्ज 1 जूनला पोचला तर 30 दिवसांत, म्हणजे 1 जुलैपर्यंत, उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील 31 जुलैच्या आत करायचं. लोक "येईल, येईल" म्हणत दिवाळीपर्यंत थांबतात आणि मग उशिराचं कारण देत बसावं लागतं. दुसरी चूक फार साधी आहे. प्रतींचे पैसे भरा, असं पत्र येतं, पानाला 2 रुपये. ते नकार समजून बाजूला ठेवू नका. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 दिवसांत धरत नाहीत, म्हणजे घड्याळ तुमच्यामुळे थांबलेलं असतं. मुदत उलटून माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, हेही पक्कं लक्षात ठेवा.

पहिल्या अपिलासाठी जोडपत्र 'ब' आणि 20 रुपये. ते वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. नाव कार्यालयातल्या फलकावर असायला हवं, नसेल तर "प्रथम अपिलीय अधिकारी" एवढं लिहिलं तरी चालतं. निर्णय 30, फार तर 45 दिवसांत व्हायला हवा. तिथेही काही झालं नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. त्यासोबत मूळ अर्ज, पहिलं अपील आणि दोन्हींच्या पोचपावत्या जोडायच्या असतात. म्हणून आवक-जावक टेबलावर आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.