ठाणे खाडीत फ्लेमिंगो का आले, त्यामागची गोष्ट

फ्लेमिंगो येतात म्हणजे ठाणे खाडीचं पाणी स्वच्छ झालं असणार, असं दर हिवाळ्यात कुणीतरी फोटोखाली लिहितंच. तसं काही नाहीये हो.

ही खाडी साधारण 26 किमी लांब, बंदराच्या बाजूला ऐसपैस आणि ठाण्याकडे अगदी निमुळती, उल्हास नदीशी जोडलीये तीही चिंचोळ्या वाटेने, त्यामुळे वरच्या टोकाला गोडं पाणी येतं ते पावसाळ्यात, बाकी आठ महिने सगळी घाण ओहोटीच्या भरवशावर. पूर्वी काठाला मिठागरं, खाजणं, आगरी-कोळ्यांची गावं होती. 1854 ला कल्याणकडे जाणाऱ्या रेल्वेचा पूल झाला, पण खरा दणका बसला 1960 नंतर, ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आली, केमिकल आणि रंगाचे कारखाने आले, मग 1970 ला नवी मुंबई वसवणारी सिडको, 1973 ला वाशीचा पूल, आणि दोन्ही काठांचं सांडपाणी खाडीत. देवनारचं डम्पिंग तर त्याच्याही आधीपासून काठावर आहेच.

मासळीवर काय झालं ते ओहोटीला चिखलात बघावं. निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) अजून टुणटुण उड्या मारताना दिसतात, कारण त्या ओल्या कातडीतूनही हवा घेतात, पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी त्यांचं भागतं. जिताड्याचं तसं भागत नाही. कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या येतात, त्या निवडत बसायचं.

आणि फ्लेमिंगो? 1990 च्या दशकात शिवडीच्या चिखलावर थवे दिसायला लागले. यातला धाकटा रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) चोच उलटी धरून सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर तेच शेवाळ फोफावतं. म्हणजे आपल्या गटारानेच त्यांचं ताट वाढलंय! कारखान्यांचे जड धातूही त्याच गाळात बसलेत, ते कुणी मोजून वाढत नाही.

2005 ला हायकोर्टाने तिवरं (खारफुटी) तोडायला बंदी घातली, 2015 ला खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 ला रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), हे सगळं चांगलंच झालं. पण गाळ साचला की तिवरं पुढे सरकतात आणि रोहितला तर उघडा चिखल लागतो. अभयारण्याच्या कागदावर 896 हेक्टर तिवरं, 794 हेक्टर पाणी असा हिशेब आहे, आणि गाळ आणणारे नाले त्या हद्दीबाहेरून येतात.