नाशिकच्या उन्हाळ्यात घरी बांधलेले कोणते विमान उठेल?

मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला, की नाशिकजवळच्या ओझर विमानतळाच्या धावपट्टीवरचे विमान जणू कळसूबाईच्या शिखरावर उभे असते. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. त्यात तापलेली हवा इतकी विरळ होते, की प्रमाण वातावरणात (विमानांचे आकडे ज्यावर मोजतात त्या सरासरी हवेत) तेवढी विरळता साधारण १,६५० मीटरवर आढळते. समुद्रसपाटीच्या मानाने घनता सुमारे १५ टक्क्यांनी कमी! पंख, प्रोपेलर, इंजिन सगळ्यांचीच ताकद घटते आणि उड्डाणाआधीची धाव चाळीस-पन्नास टक्क्यांनी लांबते. घरी बांधायचे विमान निवडताना माहितीपत्रकातला धावेचा आकडा म्हणूनच जसाच्या तसा धरू नये.

आखूड धावेचे मर्म पंखात असते. त्वरण तेच ठेवून उड्डाणाचा वेग निम्मा केला, तर धाव चौथाईवर येते. ख्रिस हाइंट्झ यांच्या झेनिथ सीएच ७०१ या विमानात पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट नावाची पट्टी कायमची बसवलेली असते. तिच्यामागच्या फटीतून वेगाने आलेली हवा पंखाच्या पाठीला धरून राहते. साधा पंख पंधरा-सोळा अंशांपलीकडे कलला, की हवा पाठ सोडते आणि उचल ढासळते. हा पंख तीस अंशांच्या आसपास तग धरतो, म्हणून विमान ताशी पन्नासेक किलोमीटरलाही हवेत टिकते. पण तीच पट्टी पुढे अडथळा होते. प्रवासाचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास अडकतो. झपाट्याने लांब जायचे असेल, तर हे विमान घेऊ नये.

इंजिन मात्र इथे ८० ऐवजी १०० अश्वशक्तीचे, रोटॅक्स कंपनीचेच हवे. आपल्या हवेत ती चैन नव्हे.

बांधणीसाठी किटफॉक्स या दुसऱ्या विमानाची स्टीलच्या नळ्या आणि कापडाची रचनाही चांगली. त्याचे पंख दुमडतात, त्यामुळे जागा कमी लागते. तरी माझा कौल ७०१ च्या ॲल्युमिनियम पत्र्याला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हात तयार झालेल्यांना ॲल्युमिनियम कापणे, वाकवणे, पॉप रिवेट मारणे परके नाही.

खरी कसोटी वजनाची. ७०१ चे रिकामे वजन सुमारे २६० किलो, कमाल ५००. दोन माणसांचे १६० आणि सत्तर लिटर पेट्रोलचे पन्नास वजा केले, की उरतात तीस किलो. जाड गादी, जादा रंग, हौसेची उपकरणे यांतच ते संपतात.

मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडले. तेव्हा पत्रा आणण्याआधी डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम वाचा आणि परवानगीचा अर्ज कसा करायचा ते विचारून घ्या.