फोटो गेले नव्हते, फुगले होते

फोंड्याजवळच्या एका हौशी नाट्यमंडळाची चवथीला स्मरणिका निघते. यंदा जुने फोटो काढायला बसलो, तर पडद्यावर फोटोंच्या जागी नुसते फुटके चौकोन. नावं, तारखा, नाटकांची यादी सगळं शाबूत. फोटो तेवढे उघडेनात. महिन्याभरापूर्वी डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून नव्यावर मीच हलवला होता, त्यामुळे गुन्हेगार शोधायची गरज नव्हती. चिटणिसांचा फोन आला, "भाई, रंगपटातला आमच्या बाबांचा तो एकच फोटो आहे हो."

अशा वेळी पहिल्यांदा फाइल किती मोठी आहे ते बघावं. सुमारे २ लाख बाइटचा तो फोटो नव्या घरात ३ लाखांच्या वर गेला होता. हरवलेली वस्तू फुगत नाही. म्हणजे फोटो आत होता, पण कोणीतरी त्याला हात लावला होता.

मग फाइलचे सुरुवातीचे बाइट आकड्यांत पाहिले. प्रत्येक जेपेग फोटो २५५, २१६, २५५ असा सुरू होतो. ती त्याची खूण. इथे होतं १९५, १९१, १९५, १५२. कोडं इथेच सुटलं.

झालं असं की जुना प्रोग्राम लिहिणाऱ्याने फोटो ब्लॉबमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे ठेवणाऱ्या रकान्यात, न ठेवता मजकुराच्या रकान्यात कोंबले होते. त्या रकान्याची लिपी होती लॅटिन-१, पोर्तुगीजसारख्या युरोपीय भाषांसाठीची. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे काहीही भरा, जसंच्या तसं परत मिळतं. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये २०१८च्या ८.० आवृत्तीपर्यंत न सांगता मिळणारी लिपी हीच होती. नवा सर्व्हर यूटीएफ-८वाला, म्हणजे मराठीसकट सगळ्या भाषांची अक्षरं सामावणाऱ्या लिपीचा. त्यात १२७च्या पुढचं प्रत्येक अक्षर दोन किंवा जास्त बाइट घेतं. स्थलांतराच्या वेळी डेटाबेसने फोटोला मजकूर समजून प्रामाणिकपणे लिप्यंतर केलं: २५५चे झाले १९५, १९१ आणि २१६चे १९५, १५२. फोटोतले साधारण निम्मे बाइट १२७च्या वरचे असतात, म्हणून आकार दीडपटीच्या आसपास. सदस्यांच्या यादीतली नागमोडी टोपी घातलेली पोर्तुगीज नावं मात्र सुखरूप उतरली, कारण ती खरंच अक्षरं होती!

हे दुखणं बरं होतं, कारण प्रत्येक जोडीमागे मूळ बाइट एकच. उलटं लिप्यंतर करायचं आणि निकाल ब्लॉबमध्ये ठेवायचा. पण आकड्यांत २३९, १९१, १८९ हे त्रिकूट पुन्हापुन्हा दिसलं तर आशा सोडावी. न समजलेल्या बाइटच्या जागी यूटीएफ-८ वाचणारे प्रोग्राम हेच एक प्रश्नचिन्ह ठेवतात. त्याखाली आधी काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही. आकार बरोबर एक-तृतीयांशाने वाढला असेल तर घाबरायचं कारण नाही, बहुधा कोणीतरी बेस६४मध्ये, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, गुंडाळून ठेवलंय. सोडवलं की झालं.

आमच्याकडे आणखी एक भानगड निघाली. जुन्या जाहिरातपत्रकांचे स्कॅन उघडत होते, पण वरची पट्टी तेवढी. नाटकाचं नाव दिसे, खाली सगळं राखाडी. आकार बघितला तर प्रत्येक फाइल नेमकी ६५,५३५ बाइट. साध्या ब्लॉबची हीच कमाल मर्यादा. कडक तपासणी बंद असली की मायएसक्यूएल उरलेलं कापतं आणि फक्त इशारा नोंदवतं. तो इशारा रात्री अकरा वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी वाचला नव्हता. इथे उलटं करण्यासारखं काही नसतं. रकाना लाँगब्लॉब, म्हणजे खूप मोठा ब्लॉब, करून मूळ प्रत पुन्हा आणायची, एवढंच. दोन्हीकडचा शा-२५६ ठसा (फाइलच्या बाइटांवरून काढलेली छोटी खूण) जुळवून पाहिला असता तर त्याच रात्री कळलं असतं, कारण एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो.

जुना सर्व्हर अजून पुसला नव्हता, मंडळाच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून होता. पत्रकं तिथून आणली. चिटणिसांच्या बाबांचा फोटोही उघडला: अर्धा चेहरा रंगवलेला, हातात विडी, आरशातून थेट कॅमेऱ्याकडे बघतायत.