मॅटर्निटी फोटोंसाठी येताना: नाडी आणि इलॅस्टिक घरीच ठेवा

तुम्ही तारीख घेतलीत की हे पत्रक आम्ही हातात देतो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. कपडे कोणते, दागिने कोणते, मेकअप कुणाकडून, हे बहुतेकींचं आधीच ठरलेलं असतं. त्यात आम्ही फार लुडबुड करत नाही. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकीची राहून जाते आणि तिच्यापायी दोन तासांच्या वेळातला पाऊण-एक तास नुसता वाट बघण्यात जातो. म्हणून तीच आधी सांगतो.

घरून निघताना पोटावर, कमरेवर आणि छातीवर घट्ट काहीही नको. लेगिंगचं इलॅस्टिक, परकराची नाडी, जीन्सची पट्टी, पाठीला आधार म्हणून लावलेला पट्टा, या सगळ्यांचे वळ पोटावर उमटतात. एरवी असे वळ लवकर जातात. सातव्या-आठव्या महिन्यात मात्र कातडी ताणलेली असते, अंगात पाणी धरलेलं असतं, त्यामुळे ते तासभर, कधी त्याहून जास्त वेळ तसेच राहतात. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी सातव्यात माहेरी साताऱ्याला आलेल्या असतात, किंवा फोटोंसाठी म्हणून थेट पुण्याहून गाडीत बसून येतात. एवढा वेळ लेगिंग घालून बसलं की बेंबीखाली लालसर आडवा पट्टा ठरलेलाच. साडीत तो झाकला जातो. पण पोट दिसेल असा एक तरी फोटो सगळ्यांनाच हवा असतो, आणि खोळंबा तिथेच होतो.

“कॉम्प्युटरवर काढून टाका ना,” असं मग म्हणतात. रंगाचा डाग काढणं सोपं आहे. वळ म्हणजे नुसता रंग नव्हे. तिथे कातडी दबलेली असते, एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला सावली पडते. ते पुसायचं तर तेवढी कातडी नव्याने रंगवावी लागते, आणि तेही प्रत्येक फोटोत वेगळं, कारण प्रत्येक फोटोत तुम्ही वेगळ्या वळणाने उभ्या असता. जास्त पुसलं की पोट मेणाचं केल्यासारखं दिसतं. आम्हाला तसे फोटो द्यायचे नाहीत. म्हणून आम्ही वळ जाईपर्यंत थांबतो, आणि पुढच्या ताई बाहेर बसलेल्या असल्या तर तुमचा शेवटचा पेहराव राहून जातो. वेळ वाढवून का देत नाही, हे काही जणांना खटकतं. पण त्या पुढच्या ताईही आठव्या महिन्यातल्याच असतात, त्यांना ताटकळत ठेवणं आम्हाला पटत नाही.

उपाय सोपा आहे. सैल गाऊन किंवा ढगळ कॉटनचा ड्रेस घालून या, वरून ओढणी किंवा शाल घ्या. गाऊनवर घराबाहेर कसं पडायचं, हा प्रश्न सासूबाईंना पडतो, तो आम्ही समजू शकतो. गाडी अगदी दारापर्यंत येते आणि कपडे बदलायची खोली आत शिरल्या शिरल्या आहे. पायमोजे, घड्याळ, घट्ट बांगड्याही निघतानाच काढा. बोटं सुजत असतील तर अंगठी आदल्या दिवशीच काढून ठेवा, इथे साबण लावून ओढायची वेळ नको. गाडीतला सीटबेल्ट मात्र लावायचाच. खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या बाजूला घ्या. त्याचा वळ पडलाच तर आमची काही तक्रार नाही.

साडी इथेच नेसवतो. परकर पोटाच्या खाली बांधतो, नाडीऐवजी रुंद कापडी पट्टीने. नऊवारी हवी असेल तर आधी कळवा, तिला वेळ लागतो. गाऊन आमच्याकडे बऱ्याच मापांचे आहेत, त्यातले दोन तुमच्या पॅकेजमध्येच येतात. बाहेर भाड्याने घेण्याआधी एकदा इथे येऊन बघा.

बेंबीपासून खाली जाणारी काळसर रेघ आणि पोटावरचे ताण पडल्याचे पट्टे आम्ही आपणहून पुसत नाही. ते या दिवसांचेच आहेत. नको असतील तर सांगा, हलके करून देऊ. त्या दिवशी सकाळी पोटाला तेल मात्र लावू नका, दिव्यांखाली ते चकाकतं.

तारीख साधारण 28 ते 34 आठवड्यांच्या मधली घ्या. पोटाला आकार आलेला असतो आणि उभं राहणं, वळणं अजून जमतं. जुळी असतील तर त्याआधी या. डोहाळजेवणाच्याच दिवशी सकाळी फोटो काढू, असं पुष्कळ जण म्हणतात. आम्ही नको म्हणतो. ओटी, फुलांची वाडी, झोपाळा, पाहुणे, यात आईचं बसणं-उठणं आधीच खूप होतं. दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा. कार्यक्रमाचे फोटोही आमच्याकडेच असतील तर दोन्हींचा एकच अल्बम करता येतो, आणि तो वेगवेगळ्या दोन अल्बमपेक्षा स्वस्त पडतो.

ऑगस्टअखेरीपासून कासच्या फुलांत फोटो काढून द्या, ही मागणी सुरू होते. कास पश्चिम घाटाबरोबर 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे फुलांत बसणं म्हणजे फुलं तुडवणंच, ते आम्ही करत नाही. शिवाय यवतेश्वर घाटाची वळणं या दिवसांत सोसवतातच असं नाही. बाहेरचेच फोटो हवे असतील तर संध्याकाळच्या उन्हात तुमच्या घराची गच्ची किंवा शेताचा बांध पुरतो. तिथे आम्ही येतो.

“मुलगा की मुलगी” दाखवणारी निळी-गुलाबी सजावट जन्माआधी आम्ही करत नाही. गर्भाचं लिंग तपासायला आणि सांगायला 1994 च्या कायद्याने बंदी आहे. बर्फी की पेढा, हा डोहाळजेवणातला खेळ हवा तेवढा खेळा, त्याचे फोटो आनंदाने काढू.

पोटभर खाऊन या, पाण्याची बाटली आणा. मधेच बसावंसं वाटलं तर लगेच सांगा. पाठीवर उताणं झोपवून आम्ही फोटो काढत नाही. पोटाच्या भाराने मोठी शीर दबून चक्कर येऊ शकते. झोपलेला फोटो हवा असेल तर डाव्या कुशीवर घेतो. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर फोन करा, आगाऊ रक्कम तशीच ठेवून तारीख बदलून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ती रक्कम परत मात्र देत नाही, कारण त्या दिवशीची वेळ आम्ही दुसऱ्या कुणाला दिलेली नसते.

यजमानांनी साध्या एका रंगाचा शर्ट आणावा, मोठी अक्षरं छापलेला टी-शर्ट नको. दाढी-केस आदल्या दिवशी.

बाराव्या दिवशीच्या बारशाला आम्ही घरी येतो. बाळ कधी येईल ते आधी ठरत नाही, म्हणून त्याची नोंद मॅटर्निटी फोटोंच्या वेळीच करून ठेवतो आणि बाळ झाल्याचा तुमचा फोन आला की तारीख पक्की करतो.