व्हाउचर दिलं की सरकारी शाळा आपोआप सुधारतात?

‘पालकांच्या हाती व्हाउचर द्या, स्पर्धा होईल आणि सरकारी शाळा झक मारत सुधारतील.’ अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये व्हाउचरची, म्हणजे पालकांना हव्या त्या शाळेत वापरता येणाऱ्या सरकारी पैशाच्या कूपनची कल्पना मांडली, तेव्हापासून हा दावा सतत कानावर येतो. तो अर्धवट आहे.

चिलीने १९८१ मध्ये हे देशभर करून पाहिलं. मूल ज्या शाळेत, तिथे सरकारी पैसा. हजारांहून अधिक नव्या खासगी शाळा उघडल्या, पण देशाची सरासरी गुणवत्ता त्यामुळे वाढल्याचा ठोस पुरावा संशोधकांना मिळाला नाही. कारण समजून घ्यायला हवं. शाळांना मुलं निवडण्याची मुभा होती. मग शिकवणं सुधारण्यापेक्षा शिकवायला सोपी मुलं गोळा करणं स्वस्त पडतं. सुस्थितीतली मुलं निघून गेली, गरिबांची मुलं नगरपालिकेच्या शाळांत उरली. ही स्पर्धा नव्हे, ही चाळणी आहे. शेवटी २००८ मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी जादा अनुदान आलं आणि २०१५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांत मुलांची निवड, वरची फी (सरकारी पैशाशिवाय पालकांकडून घेतलेली) व नफा यांना टप्प्याटप्प्याने बंदी घातली.

स्पर्धेचा काहीच उपयोग नाही, असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सरकारी शाळांचे निकाल स्पर्धेमुळे थोडे सुधारल्याचं दिसलं. लुइझियानात मात्र व्हाउचर घेतलेल्या मुलांचे गणिताचे गुण सुरुवातीला चक्क घसरले.

म्हणून कोणी व्हाउचरची योजना मांडली, की आधी विचारा: प्रवेश कोण नाकारू शकतं? वरची फी घेता येते का? आणि मागे राहिलेल्या मुलांच्या शाळेला पैसा किती उरतो?