तोंडाच्या कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि संमतीपत्र

क्लिनिकल ट्रायल म्हणजे कोणता उपचार चांगला हे रुग्णांच्या संमतीने तपासून पाहणारा अभ्यास. त्याबद्दल विचारायची खरी वेळ म्हणजे तुकडा तपासणीचा (बायोप्सीचा) रिपोर्ट हातात आल्यावर आणि उपचार सुरू होण्याआधी. तोंड, घसा, स्वरयंत्र यांच्या कॅन्सरच्या अनेक ट्रायलमध्ये ‘या आजारासाठी आधी केमो किंवा रेडिएशन घेतलेले नसावे’ अशी अट असते. पुष्कळ घरांत हा प्रश्न केमोचे डोस होऊन गेल्यावर सुचतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मात्र ट्रायल मिळेल या आशेवर उपचार लांबवू नका.

‘आपल्यावर प्रयोग करतील’ ही भीती मी समजू शकतो. पण सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की नंतर दिसल्यावर, याचे ठोस उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ट्रायलने २०१५ मध्ये दिले. आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. हे उत्तर त्या रुग्णांच्या सहभागामुळे मिळाले.

थेट अर्ज करायचा असा फॉर्म नसतो. सीटीआरआय या ट्रायलची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर आजाराचे नाव टाकून कुणालाही मोफत शोधता येते. तिथे पात्रतेच्या अटी, रुग्णालये, संपर्क आणि भरती चालू आहे की नाही हे दिसते. नोंदणी क्रमांक लिहून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा.

अटी प्रत्येक ट्रायलच्या वेगळ्या. बहुधा वय १८ पूर्ण, आजाराचा ठरावीक टप्पा आणि स्वतःचे स्वतः हिंडता-फिरता येणे एवढे पाहतात. सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध द्यायचे असेल तर किडनी आणि कानांची तपासणीही होते. गरोदर स्त्रियांना सहसा घेत नाहीत.

सोबत आधार कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआयच्या फिल्म वा सीडी, रक्ताचे रिपोर्ट आणि आधीच्या उपचारांचे सगळे कागद ठेवा. बायोप्सी दुसरीकडे झाली असेल तर तिथल्या लॅबमधून स्लाइड (तुकड्याचा पातळ काप असलेली काच) आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) हेही मागून आणा. नुसत्या रिपोर्टवर बरेचदा भागत नाही आणि हेलपाटा पडतो.

संमतीपत्र घाईत सही करून देऊ नका. माहितीपत्रक रुग्णाला कळेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे, तेव्हा मराठी प्रत मागा. आपल्याला कोणता उपचार मिळणार, हे अनेक ट्रायलमध्ये संगणक ठरवतो. निवड ना रुग्णाची, ना डॉक्टरांची. कोणता खर्च आपल्यावर येईल तेही विचारा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार पूर्ण चर्चेला हजर हवा. फॉर्ममध्ये पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचे नाव विचारतात. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कुणाला द्यायची यासाठी नॉमिनी लागतो, म्हणून ती जागा रिकामी सोडू नका. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत आणि माहितीपत्रक घरी न्या, तो तुमचा हक्क आहे.

ट्रायलदरम्यान इजा झाली तर क्लिनिकल ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार मोफत उपचार मिळतात, आणि ती ट्रायलमुळेच झाली असे ठरल्यास भरपाईही मिळते. तक्रार असल्यास एथिक्स कमिटीशी, म्हणजे ट्रायलमधल्या रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीशी बोला. संपर्क माहितीपत्रकावर असतो. मध्येच बाहेर पडायचे असेल तर कधीही पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत.